विज्ञानकथेसाठी प्रकाशातीत इंजिन कसं रचायचं

विज्ञानकथा लिहायला बसलेला माणूस बहुधा इंजिनाच्या नावापासून सुरुवात करतो. नाव भारदस्त असतं, यानाच्या शेपटीला निळा झोत असतो, आणि चौथ्या प्रकरणात नायकाला वेळेवर पोचवण्यासाठी त्याच इंजिनाचा वेग गुपचूप दसपट करावा लागतो. हे टाळायचं असेल तर काम उलट्या टोकाने करा. यान कुठून कुठे किती दिवसांत जातं हे आधी ठरवा. मग ते काय करू शकत नाही ते ठरवा. यंत्राची जात त्या दोन उत्तरांवरून निवडायची असते.

आधी वेळापत्रक

प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर आणि एक प्रकाशवर्ष म्हणजे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी प्रॉक्झिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. व्याध ८.६, अभिजित २५, रोहिणी ६५. आकाशगंगेचं केंद्र सुमारे २६,००० आणि देवयानी दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर. १९७७ मध्ये सुटलेलं व्हॉयेजर-१ सेकंदाला साधारण १७ किलोमीटर वेगाने दूर चाललं आहे. त्या वेगाने प्रॉक्झिमाइतकं अंतर कापायला सुमारे ७५,००० वर्षं लागतील.

आता प्रकाशाच्या किती पट वेग द्यायचा ते ठरवा. दहापट वेगाने प्रॉक्झिमा १५५ दिवसांवर येतो, शंभरपट वेगाने साडेपंधरा दिवसांवर, हजारपट वेगाने ३७ तासांवर. पण त्याच हजारपट वेगाने आकाशगंगेच्या केंद्राला जायला २६ वर्षं लागतात. म्हणजे एकाच वेगात शेजारचा तारा आणि आकाशगंगेचं केंद्र अशी दोन्ही ठिकाणं एका कथेत मावत नाहीत, आणि बहुतेक फसलेल्या कथा नेमक्या इथे फसतात. जवळच्या ताऱ्यांची कथा असेल तर शंभरपट वेग उत्तम. अभिजितला जाऊन यायला सहा महिने लागतात, आणि तेवढ्या काळात घरी सरकार बदलू शकतं, कर्ज थकू शकतं, लग्न मोडू शकतं.

आणखी एक हिशेब हाताशी ठेवा. यानाचा पल्ला दुप्पट केला की आवाक्यातले तारे आठपट होतात, कारण घनफळ त्रिज्येच्या घनाने वाढतं. सूर्याभोवती ३२.६ प्रकाशवर्षांच्या आतच ३०० हून अधिक तारकाप्रणाली आहेत. कथेत पाच वसाहती असतील आणि यानाचा पल्ला शंभर प्रकाशवर्षं असेल, तर बाकीचे हजारो तारे रिकामे का, याचं उत्तर द्यावं लागेल. पल्ला कमी ठेवणं त्याहून सोपं.

पात्रं ‘वेग पाच’, ‘वेग नऊ’ असं बोलणार असतील तर त्यामागचं सूत्र आधी पक्कं करा. घन घेण्याची पद्धत सोयीची आहे, पाच म्हणजे १२५ पट आणि नऊ म्हणजे ७२९ पट. एकदा ठरवल्यावर कथेच्या गरजेसाठी सूत्र वाकवू नका. वाचकाच्या खिशात कॅल्क्युलेटर असतो.

बुडबुडा

१९९४ मध्ये मिगेल अल्क्युबिएरे या मेक्सिकन भौतिकशास्त्रज्ञाने सामान्य सापेक्षतेच्या समीकरणांत बसणारं एक उत्तर मांडलं. यानापुढचा अवकाश आकसतो, मागचा प्रसरण पावतो आणि मधल्या सपाट बुडबुड्यात यान जागच्या जागी असतं. यावरून लेखकासाठी दोन गोष्टी लगेच ठरतात. एक, आत त्वरण जाणवत नाही, म्हणून कर्मचारी खुर्चीवर मागे आदळल्याचं वर्णन इथे चूक आहे. दोन, यानातलं घड्याळ बाहेरच्या घड्याळाबरोबरच चालतं. ‘तो परतला तेव्हा त्याची मुलगी म्हातारी झाली होती’ हा धक्का या इंजिनातून मिळत नाही. तो हवा असेल तर प्रकाशापेक्षा कमी वेगाने धावणारं यान घ्या.

किंमत ऋण ऊर्जेची, म्हणजे रिकाम्या निर्वातापेक्षाही कमी असलेल्या ऊर्जेची आहे. ती सूक्ष्म प्रमाणात खरोखर दिसते. निर्वातात अगदी जवळ ठेवलेल्या दोन विद्युतभाररहित धातूच्या पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातात, हे कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये गणिताने दाखवलं. पण एक मायक्रॉन अंतरावर तो दाब पास्कलच्या हजाराव्या भागाइतका असतो. बुडबुड्याला मात्र ऋण ऊर्जा प्रचंड लागते. १९९७ मध्ये फेनिंग आणि फोर्ड यांनी हिशेब केला तेव्हा ती गरज दृश्य विश्वातल्या सगळ्या वस्तुमानापेक्षाही मोठी निघाली. १९९९ मध्ये व्हॅन डेन ब्रूक यांनी बाहेरून अतिसूक्ष्म आणि आतून ऐसपैस असा बुडबुडा सुचवला आणि आकडा काही सूर्यांच्या वस्तुमानापर्यंत उतरला. पुढे तो काहीशे किलोग्रॅमपर्यंत आणल्याचे दावेही झाले, ते फारसे मान्य झाले नाहीत. तुमचा आकडा या पट्ट्यात कुठेही ठेवा, पण ठेवा. ऋण ऊर्जा यानाभोवती प्रवासाच्या दिशेला आडव्या कड्यात साठते, म्हणून कडं असलेलं यान शेपटीतून झोत सोडणाऱ्या यानापेक्षा जास्त पटतं.

या इंजिनाचे दोष त्याच्या वेगापेक्षा जास्त कामाचे आहेत. बुडबुडा प्रकाशापेक्षा वेगाने जात असताना यानातून सोडलेला कोणताही संकेत पुढच्या भिंतीपर्यंत पोचत नाही. सुकाणू नाही, ब्रेकही नाही. थांबण्याची जागा निघण्यापूर्वीच ठरलेली असते आणि मधे कोणी मेलं, कोणी बंड केलं, तरी यान ठरल्या ठिकाणीच थांबतं. कप्तान मधेच ‘डावीकडे घ्या’ म्हणू लागला तर इंजिन मोडलं असं समजा. दुसरा दोष सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवला. वाटेतले कण बुडबुड्याच्या पुढच्या भागात अडकत जातात आणि यान थांबताच प्रचंड ऊर्जेने पुढे सुटतात. समोर वसाहत असेल तर ती भाजून निघेल. म्हणून प्रत्येक मार्ग गंतव्य ग्रहाच्या बाजूने जाणारा आखावा लागतो, आणि थेट ग्रहाकडे रोख धरून येणारं यान हा युद्धाचा पुकारा ठरतो. या एका नियमावर अख्खी कादंबरी उभी राहील.

उडी

इथे यान एका ठिकाणी नाहीसं होतं आणि दुसरीकडे प्रकटतं. लिहायला सर्वांत सोपं आणि भोकं सर्वांत जास्त.

पहिलं भोक वेगाचं. ठिकाण बदललं तरी वेग तोच राहतो असं धरणं सर्वांत प्रामाणिक. तारे एकमेकांच्या तुलनेत पळत असतात. मित्र (अल्फा सेंटॉरी) या ताऱ्याचा सूर्यासापेक्ष वेग सेकंदाला सुमारे ३२ किलोमीटर आहे, बर्नार्डच्या ताऱ्याचा सुमारे १४२. उडीनंतर हा फरक साध्या इंजिनाने मोडावा लागतो. पृथ्वीवरच्या गुरुत्वाइतक्या त्वरणाने मित्राकडे ५४ मिनिटं लागतात, बर्नार्डच्या ताऱ्याकडे चार तास. त्याच्या शंभराव्या भागाचं त्वरण असेल तर मित्राकडेसुद्धा पावणेचार दिवस. इंधन संपलेलं यान उडी मारून पोचतं खरं, पण थांबू शकत नाही. संकट हवं असेल तर याहून स्वस्त सापडणार नाही.

दुसरं भोक ऊर्जेचं. पृथ्वीच्या कक्षेतून सूर्यापासून कायमचं सुटायला सेकंदाला ४२ किलोमीटर वेग लागतो. उडीने ती चढण फुकट पार झाली तर लबाड माणूस वर उडी मारेल, खाली पडताना वेग कमावेल, पुन्हा उडी मारेल आणि फुकट ऊर्जेचा कारखाना काढेल. म्हणून फरक वसूल करा. एका टनाला पृथ्वीच्या कक्षेपासून दूरच्या अवकाशापर्यंत साधारण अडीच लाख युनिट वीज लागते. ती उडीच्या आधी साठवलेली असायला हवी. उलट दिशेने, म्हणजे ताऱ्याजवळ उतरताना, तेवढीच ऊर्जा उष्णता होऊन यानातच उमटेल.

तिसरं भोक नेमाचं. दहा प्रकाशवर्षांवर एका विकलेची चूक म्हणजे ४६ कोटी किलोमीटर, सूर्य-पृथ्वी अंतराच्या तिप्पट. विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. शिवाय तुम्हाला दिसणारा तारा दहा वर्षांपूर्वीच्या जागेवरचा असतो, तो मधल्या काळात किती सरकला हे गणिताने काढावं लागतं. म्हणून लांब उडीपेक्षा तीन छोट्या उड्या आणि मधे मोजमाप ही सुरक्षित रीत, आणि घाईत मारलेली एकच लांब उडी हा जुगार.

दार आणि बोगदा

आइनस्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ मध्ये अवकाशातल्या दोन जागा जोडणारा पूल, म्हणजेच कृमिविवर (वर्महोल), गणितात दाखवला, पण १९६२ मध्ये व्हीलर आणि फुलर यांनी सिद्ध केलं की तो प्रकाशसुद्धा पलीकडे जाण्याआधी आवळला जातो. घसा उघडा ठेवायला ऋण ऊर्जा लागते, हे मॉरिस आणि थॉर्न यांनी १९८८ मध्ये मांडलं. तेव्हापासून ‘वापरता येईल असं कृमिविवर’ हा विषय गंभीर झाला.

दाराची गंमत अशी की पहिल्यांदा ते नेऊन ठेवावं लागतं. एक तोंड घरी, दुसरं यानावर लादून साध्या वेगाने. दहा प्रकाशवर्षं, प्रकाशाच्या ०.६ पट वेग: घरच्या हिशेबाने १६ वर्षं ८ महिने, पण यानावरच्या घड्याळात १३ वर्षं ४ महिने. आणि दारातून जायचं असेल तर यानावरचं घड्याळ खरं धरायचं. म्हणजे घरी १३ वर्षं ४ महिने झाले की दारातून पलीकडे पाऊल टाकता येतं, दुर्बिणीतून पाहणाऱ्याला यान अजून वाटेतच दिसत असताना. हा ३ वर्षं ४ महिन्यांचा फरक दोन तोंडांमधल्या दहा प्रकाशवर्षांपेक्षा कमी आहे तोवर सगळं ठीक. तेच तोंड वळवून परत घराजवळ आणलं तर फरक अंतरापेक्षा मोठा होतो आणि तुमच्या हातात कालयंत्र येतं.

वस्तुमानाचा हिशेबही विसरू नका. जे आत जातं त्याने अलीकडचं तोंड जड होतं आणि जे बाहेर पडतं त्याने पलीकडचं हलकं. वाहतूक एकतर्फी राहिली तर एक तोंड झिजत जाईल. म्हणून दारावर जकातनाका असतो, रिकामं जहाज परत आणण्याचा नियम असतो, आणि वसाहतीने निर्यात बंद करणं ही खरी धमकी ठरते.

चौथी जात, हायपरस्पेस किंवा शेजारचं विश्व, थोडक्यात उरकता येते. तिथलं एक किलोमीटर म्हणजे इथले किती, एवढं गुणोत्तर ठरवा आणि आत-बाहेर होण्याची जागा ठरवा. तिथे वादळं, प्रवाह, प्राणी घालायचे असतील तर पहिल्याच प्रवासात दाखवा. शेवटच्या लढाईत अचानक उगवलेलं वादळ वाचक माफ करत नाही.

हद्द, साठा, उष्णता

कोणतंही यंत्र घ्या, त्याला गुरुत्वाकर्षणाची हद्द द्या. नाहीतर यान थेट शत्रूच्या दिवाणखान्यात प्रकटेल आणि सीमा, बंदर, पहारा हे सगळं निरर्थक होईल. हद्द ‘ताऱ्यापासून दूर’ अशी मोघम नको, आकड्यात हवी. समजा, गुरुत्वीय त्वरण दर सेकंदाला सेकंदामागे ०.१ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तिथेच इंजिन चालतं. सूर्यासाठी ही हद्द सूर्य-पृथ्वी अंतराच्या ७.७ पटींवर येते, गुरू आणि शनी यांच्या कक्षांच्या मधे. तिथून पृथ्वीपर्यंत, अर्ध्या वाटेवर उलटं फिरून वेग कमी करत, एक गुरुत्वाच्या त्वरणाने साडेसात दिवस लागतात आणि शंभराव्या भागाच्या त्वरणाने सुमारे ७४ दिवस.

आता प्रॉक्झिमा पाहा. त्याचं वस्तुमान सूर्याच्या जेमतेम १२ टक्के, म्हणून हद्द २.७ पटींवरच येते. त्याच शंभराव्या भागाच्या त्वरणाने तिथल्या आतल्या ग्रहापर्यंत ४६ दिवस. म्हणजे या नियमात लाल खुजे तारे चांगली बंदरं ठरतात, आणि मोठ्या तेजस्वी ताऱ्यांभोवतीच्या वसाहती आडगावं होतात. असा निष्कर्ष नियमातून आपोआप पडला की समजावं, नियम चांगला आहे.

‘इंजिन तापलंय, थांबावं लागेल’ हे वाक्य सगळे लिहितात. त्याचा वेळ मोजता येतो. अवकाशात उष्णता फक्त प्रारणाने जाते. ७२७ अंश सेल्सियसला तापलेला रेडिएटर दर चौरस मीटर पृष्ठभागातून सुमारे ५७ किलोवॉट टाकतो. ८,८०० चौरस मीटरचे पंखे (रेडिएटरचे पंखांसारखे पसरलेले पत्रे) दोन्ही बाजूंनी उष्णता टाकत असतील तर एक अब्ज वॉट. एका उडीमागे १० लाख कोटी ज्यूल उष्णता उरत असेल तर पंखे निवायला पावणेतीन तास. युद्धात कोणी पंखे फोडले की हा वेळ वाढतो, किती वाढतो तेही काढता येतं. लालबुंद पंखे दुरून दिसतात, हेही ध्यानात ठेवा.

साठ्याबद्दल एकच प्रमाण पाठ असू द्या. एक किलो वस्तुमान पूर्णपणे ऊर्जेत बदललं तर ९ वर १६ शून्यं इतके ज्यूल, म्हणजे सुमारे २१ मेगाटन टीएनटीच्या स्फोटाएवढी ऊर्जा.

कालाचा गुंता

प्रकाशाहून वेगवान निरोप आणि सापेक्षतावाद एकत्र आले की भूतकाळात निरोप जातो. हे ऐकून माहीत असतं, पण कसं ते एकदा कागदावर करून पाहा.

एक यान पृथ्वीपासून प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने दूर जातं. दोघांकडे तात्काळ पोचणारा रेडिओ आहे आणि तो ज्याच्या त्याच्या घड्याळानुसार तात्काळ चालतो. पृथ्वीवर १०० वा दिवस उगवल्यावर निरोप सुटतो. तेव्हा यानावर ८० वा दिवस असतो, कारण चालत्या घड्याळाचा वेग ०.८ पट. यान लगेच उत्तर देतं. पण यानाच्या दृष्टीने पृथ्वीच चालती आहे, म्हणून यानाच्या ८० व्या दिवशी पृथ्वीवर फक्त ६४ वा दिवस आहे. उत्तर प्रश्नाच्या ३६ दिवस आधी पोचलं.

यावर लेखकापुढे तीन वाटा आहेत. पहिली: सगळ्या इंजिनांना एकच खास चौकट (वेळ आणि वेग मोजण्याचा संदर्भ) लागू करा, उदाहरणार्थ विश्वाच्या सुरुवातीपासून सगळीकडे उरलेल्या सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणासापेक्ष स्थिर असलेली. ‘तात्काळ’ म्हणजे त्या चौकटीत तात्काळ. सूर्य त्या चौकटीत सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने चालतो, फरक किरकोळ आहे आणि विरोधाभास मिटतो. सापेक्षतावादाला थोडी मुरड पडते, पण कथा सुटसुटीत राहते. दुसरी: हॉकिंग यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या कालक्रम-संरक्षणाच्या तर्काप्रमाणे, भूतकाळात जाणारी वाट बनू लागताच यंत्र कोसळतं. ही दारांच्या जाळ्याला शोभते, कारण शत्रू एक दार मुद्दाम हलवून सगळं जाळं पाडू शकतो. तिसरी: कालप्रवास होऊ द्या, पण मग तीच तुमची कथा, त्यात दुसरं काही घालू नका. बहुतेकांनी पहिली वाट घ्यावी. आणि प्रकाशातीत रेडिओ शक्यतो देऊच नका. निरोप यानाबरोबरच जाणार असतील तर टपालाचं यान, जुनी बातमी, खोटा हुकूम, उशिरा कळलेला तह हे सगळं हाताशी येतं.

उडीचा प्रसंग लिहिताना

‘बटण दाबलं आणि तारे लांबले’ यापेक्षा कामाचा क्रम लिहा. हद्द ओलांडल्याची खात्री, साठा पूर्ण, पंखे आत, गंतव्याची गणितं दोन वेगळ्या संगणकांवर जुळवलेली, मग उडी. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे आपण कुठे आहोत ते शोधणं. पल्सारच्या, म्हणजे नियमित ठोक्यांनी प्रारण पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या, ठोक्यांवरून ते करता येतं. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या दुर्बिणीने ही रीत प्रत्यक्ष करून दाखवली, चूक १६ किलोमीटरच्या आत. पण उडीनंतर ठोक्यांची मोजणी तुटते, म्हणून आधी ठळक ताऱ्यांवरून ढोबळ जागा काढावी लागते. मित्राजवळून पाहिलं तर जवळपास नेहमीचेच तारकासमूह दिसतात, फक्त शर्मिष्ठेत एक जास्तीचा ठळक तारा असतो. तो सूर्य.

हद्दीवर प्रकटलेलं यान पृथ्वीवरून लगेच दिसत नाही. प्रकाशाला तिथून यायला सुमारे ५६ मिनिटं लागतात. नकाशावर शत्रूचा ठिपका उमटला म्हणजे तो तासाभरापूर्वी तिथे होता. सेनापती याच शिळ्या ठिपक्यावर निर्णय घेतो, हे लिहायला विसरू नका.

हस्तलिखित तपासताना

हे इंजिन शस्त्र म्हणून वापरलं तर? खरा धोका उडीत नसतो, हद्दीपासून ग्रहापर्यंतच्या साध्या वेगात असतो. वर सांगितलेल्या साडेसात दिवसांच्या प्रवासात मध्यावर वेग प्रकाशाच्या एक टक्का होतो. त्या वेगाचं १,००० टनांचं मालवाहू यान ग्रहावर आदळलं तर हजार मेगाटनांहून अधिक ऊर्जा सुटते. म्हणून अशा जगात बंदरखात्याकडे तोफा असायलाच हव्यात आणि परवाना नसलेला चालक असूच नये.

शेवटी ती लोकप्रिय युक्ती, दहा प्रकाश-दिवस दूर उडी मारून दहा दिवसांपूर्वीचा खून दुर्बिणीतून पाहणं. तर्क बरोबर आहे, प्रकाश खरोखर तिथे आत्ता पोचतोय. पण त्या अंतरावरून १०० मीटरची वस्तू नुसती ठिपक्याहून वेगळी दिसायला सुमारे १,६०० किलोमीटर व्यासाचा आरसा लागेल. खुन्याचा चेहरा विसरा. स्फोटाचा लखलखाट किंवा इंजिन पेटल्याची वेळ मात्र बऱ्याच लहान दुर्बिणीत नोंदवता येईल. तेव्हा अशा कथेत पुरावा चेहऱ्याचा न ठेवता वेळेचा ठेवा.